छोट्या खाजगी माध्यमिक शाळेत प्रवेश : पालकांनी विचारावयाचे प्रश्न

उन्हाळ्याची सुटी लागली की अनेक घरांत पाल्याच्या पुढील शाळेचा विचार सुरू होतो. जिल्हा परिषदेची शाळा कोठे चौथी-पाचवीपर्यंत, तर कोठे सातवी-आठवीपर्यंत असते. त्यापुढे माध्यमिक शाळा निवडणे भाग पडते. तालुक्याचे जुने हायस्कूल दूर असते आणि त्याच्या तुकड्या भरलेल्या असतात. जवळच एखाद्या संस्थेने नव्याने काढलेली, शे-सव्वाशे विद्यार्थ्यांची खाजगी शाळा असते. वर्गात वीस-पंचवीस मुले, प्रत्येकाला नावाने ओळखणारे मुख्याध्यापक आणि घरापासून चालत जाण्याइतके अंतर, यांमुळे अशा शाळेकडे पालकांचा ओढा असणे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्राला खाजगी शाळांची परंपरा जुनी आहे. पुण्यात १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, तेव्हा ती एक छोटी खाजगी शाळाच होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तीही लहानशा प्रमाणावरच. आजही राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खाजगी संस्थाच वाहत आहेत. तेव्हा शाळा खाजगी आहे किंवा लहान आहे, एवढ्यावरून तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि लहान शाळेची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. मोठ्या शाळेत गणिताचे एक शिक्षक सोडून गेले, तरी दुसरे असतात. लहान शाळेत ते एकटेच असतात. एखादी परवानगी रखडली किंवा एखाद्या वर्षी पैसा कमी पडला, तर त्याची झळ शाळेतील प्रत्येक मुलाला लागते. शिवाय प्रवेश पाचवीत किंवा आठवीत घेतला जात असला, तरी पाल्याची खरी कसोटी दहावीच्या शालान्त परीक्षेत लागावयाची असते. म्हणून पालकांनी आजच्या वर्गासंबंधी चौकशी करून न थांबता, ही शाळा आपल्या पाल्याला स्वतःच्या नावाने दहावीपर्यंत नेऊ शकेल काय, हे पाहिले पाहिजे. पुढील सर्व प्रश्नांचा रोख याच एका गोष्टीकडे आहे.

मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत ?

“शाळेला मान्यता आहे काय ?” असा प्रश्न पालक विचारतात आणि “आहे” असे उत्तर मिळाले की समाधान मानतात. हा प्रश्न अपुरा आहे. मान्यता शाळेला सरसकट मिळत नाही; ती विशिष्ट इयत्तांसाठी, विशिष्ट माध्यमासाठी आणि विशिष्ट पत्त्यासाठी मिळते. आठवीपर्यंत मान्यता असलेल्या शाळेस नववी व दहावीचे वर्ग सुरू करावयाचे असल्यास दर्जावाढीची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ या कायद्यात नवीन शाळेप्रमाणेच दर्जावाढीचीही तरतूद आहे. “यंदा आठवी आहे, पुढच्या वर्षी नैसर्गिक वाढीने नववी होईल,” असे पालकांना पुष्कळदा सांगितले जाते. परवानगी हाती येईपर्यंत ही केवळ आशाच असते. म्हणून पालकांनी विचारावे, “पाल्य दहावीत जाईल, त्या इयत्तेची परवानगी आज मिळालेली आहे काय ? तिचा आदेश पाहावयास मिळेल काय ?”

शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक माहितीपत्रकावर छापलेला असतो. महाराष्ट्रातील शाळांच्या या क्रमांकाची सुरुवात २७ या अंकांनी होते. हा क्रमांक माहितीच्या संकलनासाठी दिलेला असून तो म्हणजे मान्यता नव्हे. मात्र यू-डायसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकावरून शाळेतील इयत्ता आणि व्यवस्थापनाचा प्रकार पाहता येतो व शाळेने सांगितलेल्या माहितीशी तो ताडून घेता येतो.

फलकावरील “सीबीएसई पॅटर्न” या शब्दांनीही पुष्कळांची दिशाभूल होते. एखाद्या मंडळाची पुस्तके वापरणे निराळे आणि त्या मंडळाशी संलग्न असणे निराळे. केंद्रीय मंडळाशी संलग्न असलेल्या शाळेस संलग्नता क्रमांक असतो व मंडळाच्या संकेतस्थळावरील यादीत तिचे नाव सापडते. क्रमांक सांगता येत नसेल, तर शाळा त्या मंडळाची नाही असे समजावे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय प्राथमिक वर्ग चालविणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास प्रत्येक दिवसास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनधिकृत शाळांची नावे शिक्षण विभागाकडून वेळोवेळी प्रसिद्ध केली जातात. दंड संस्थेला होतो हे खरे, पण वर्ष मात्र मुलाचे जाते.

दहावीचा अर्ज कोणाच्या नावाने ?

राज्यातील शालान्त परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत जातो व त्यासाठी शाळेला मंडळाचा सांकेतिक क्रमांक असावा लागतो.

ज्या शाळेजवळ हा क्रमांक नसतो, तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. आपल्या विद्यार्थ्यांची नावे दुसऱ्याच एखाद्या शाळेच्या पटावर दाखवून त्यांना परीक्षेला बसविणे ही पहिली, आणि १७ क्रमांकाचा अर्ज भरून त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून बसविणे ही दुसरी. पहिली वाट उघड उघड गैर आहे. जेथे मूल कधी गेलेच नाही, त्या शाळेचा दाखला त्याला पुढे आयुष्यभर बाळगावा लागतो. १७ क्रमांकाच्या अर्जाची सोय ही ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळावी यासाठी आहे. दररोज शाळेत जाणाऱ्या आणि पूर्ण शुल्क भरणाऱ्या मुलावर तिचा आश्रय घेण्याची वेळ का यावी, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

याची पडताळणी करणे कठीण नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर जिल्हा व शाळा क्रमांक छापलेला असतो. गेल्या वर्षी याच शाळेतून उत्तीर्ण झालेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या पालकांना भेटून तो पाहता येईल. शाळेने सांगितलेला क्रमांक आणि गुणपत्रिकेवरील क्रमांक एकच असेल, तर या बाबतीत निश्चिंत होण्यास हरकत नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यासंबंधीही असेच सांगता येईल. त्यावरील नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद पुढे जातीचे प्रमाणपत्र, अधिवास, नोकरी अशा अनेक कामी पुरावा म्हणून पाहिली जाते. मान्यता नसलेल्या शाळेच्या दाखल्याला हे वजन नसते. प्रवेश घेतानाच जनरल रजिस्टरमधील नोंद वाचून खात्री करावी. कारण दहावीनंतर ती दुरुस्त करून घेणे त्रासाचे ठरते.

आठवीनंतर काय बदलते ?

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना व आठवीपर्यंतच्या शिक्षणाला आहे. वर्गातील विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, प्रवेशासाठी चाचणी घेण्यास मनाई, दाखला देण्यास विलंब करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई या त्या कायद्यातील तरतुदी आहेत. नववी व दहावी ही दोन वर्षे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. माध्यमिक शाळेची निवड करताना ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या बालकांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत विनाशुल्क होते. नववीत पाऊल टाकताच पूर्ण शुल्काची मागणी येऊ शकते. मजुरी करणाऱ्या किंवा लहान नोकरी असणाऱ्या कुटुंबाला ती रक्कम एकाएकी उभी करणे शक्य होत नाही व मुलाला ऐन मोक्याच्या वेळी शाळा बदलावी लागते. अशा पालकांनी नववीचे शुल्क किती, त्यात काही सवलत मिळेल काय, आणि न मिळाल्यास जवळच्या अनुदानित शाळेत जागा असते काय, याची चौकशी सातवीतच करून ठेवावी.

शिकविणारे कोण ?

माहितीपत्रकात इमारतीचे छायाचित्र असते, शिक्षकांची नावे क्वचितच असतात. वास्तविक शाळेचा जीव शिक्षकांत असतो. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ चे नियम हे अनुदान घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहेत. या नियमांप्रमाणे माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक हा अध्यापनशास्त्राची पदवी घेतलेला पदवीधर असावा लागतो व त्याला किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव असावा लागतो. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षेची अटही आहे.

लहान शाळेत पदव्यांइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा आहे. “गेल्या जूनमध्ये असलेल्या शिक्षकांपैकी आज किती शाळेत आहेत ?” जेथे वेतन तुटपुंजे असते व वेळेवर होत नाही, तेथे शिक्षक दरवर्षी बदलतात. नववीत एकाने अर्धवट सोडलेले बीजगणित दहावीत दुसऱ्याला पहिल्यापासून घ्यावे लागते. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत व ते रजेवर गेल्यास तास कोण घेतो, हेही विचारावे.

दहावीच्या विज्ञान विषयात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकासाठी असतात. प्रयोगशाळा नावापुरती असेल, तर हे गुण कागदावर मिळतीलही, पण अकरावीच्या विज्ञान शाखेत गेल्यावर मुलाची उणीव उघडी पडते. प्रयोगशाळा दाखविण्याची विनंती करावी व मुलांच्या प्रयोगवह्या चाळून पाहाव्यात. वापरातील प्रयोगशाळा कोणालाही ओळखता येते. चित्रकलेच्या शासकीय रेखाकला परीक्षा आणि खेळांच्या स्पर्धा यांमुळे पात्र विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. शाळा त्यासाठी मुलांची नावे पाठविते काय, याचीही विचारणा करावी.

माध्यम कोणतेही असो, २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे आहे. इंग्रजी माध्यमाच्या छोट्या शाळेत मराठीला स्वतंत्र शिक्षक आहेत की तो विषय कोणाकडे तरी सोपवून दिला जातो, हे पाहिल्यास शाळा कायद्याचे पालन कितपत मनापासून करते याचाही अंदाज येतो.

शंभर टक्के निकालाचा हिशेब

“दहावीचा निकाल शंभर टक्के” हा फलक अनेक शाळांच्या दारावर दिसतो. तो खरा असूनही अपुरा असू शकतो. समजा, एखाद्या शाळेत नववीत २० मुले होती. त्यांतील ६ मुले कच्ची म्हणून त्यांना दाखला घेण्यास सुचविले किंवा १७ क्रमांकाचा अर्ज भरावयास लावले. उरलेली १४ परीक्षेस बसली व सर्व उत्तीर्ण झाली. फलकावर निकाल शंभर टक्के लागला, परंतु शाळेने सांभाळलेल्या मुलांचा हिशेब केला तर तो ७० टक्केच ठरतो. आपला पाल्य हुशार आहे अशी खात्री असलेल्या पालकांनीही हा हिशेब विचारावा. कारण एखाद्या विषयात मागे पडलेल्या मुलाशी शाळा कशी वागते, यावरूनच तिची पारख होते. “नववीत किती होते व दहावीस किती बसले ?” एवढा प्रश्न त्यासाठी पुरेसा आहे.

शुल्क किती व ठरविले कोणी ?

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा कायदा २०१४ पासून अंमलात आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ स्थापन करावयाचा असतो व त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून पालक घ्यावयाचे असतात. व्यवस्थापनाने सुचविलेले शुल्क या समितीपुढे जाते. मान्य झालेले शुल्क सूचनाफलकावर मराठी, इंग्रजी आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावे लागते आणि ते दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. शुल्काविषयी तक्रार असल्यास शाळेतील किमान २५ टक्के पालकांना एकत्र येऊन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येते. सव्वाशे मुलांच्या शाळेत याचा अर्थ तीस-बत्तीस पालक, असा होतो. लहान शाळेतील पालकांना हे अशक्य नाही.

म्हणून फलकावरील शुल्काचा तक्ता पाहावा व कार्यकारी समितीवरील एखाद्या पालकाला भेटण्याची इच्छा व्यक्त करावी. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा अशा प्रत्येक बाबीची रक्कम वेगळी विचारावी व प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. प्रवेशासाठी देणगी मागणे हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. गणवेश व वह्या-पुस्तके अमुकच दुकानातून घेण्याची सक्ती शाळेला करता येत नाही.

संस्थेच्या आर्थिक स्थितीची चौकशी करण्यात पालकांना संकोच वाटतो. तो बाळगू नये. जागा स्वतःची की भाड्याची, भाड्याची असल्यास करार किती वर्षांचा, हे विचारणे अगदी रास्त आहे. दोन वर्षांनी संपणारा करार आणि पाल्याची दहावीपर्यंतची पाच वर्षे यांचा मेळ कसा बसणार, याचे उत्तर संस्थेजवळ असले पाहिजे.

इमारत, ये-जा आणि सुरक्षितता

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका खाजगी शाळेच्या इमारतीस आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने मान्यता देण्यापूर्वी शाळेची इमारत सर्व दृष्टींनी सुरक्षित असल्याची खात्री करण्याचे, शाळांत अग्निशामक साधने बसविण्याचे आणि कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे शिक्षण देण्याचे निर्देश दिले. राहत्या घरात किंवा दुकानांच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या शाळेत बाहेर पडण्यास दुसरा जिना आहे काय, तो सामानाने अडलेला नाही ना, शाळेच्या वेळात त्याच्या दाराला कुलूप तर नसते, हे पालकांनी प्रत्यक्ष चालून पाहावे. पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वतंत्र, वापरण्याजोगे स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय शाळेतून निघू नये. स्वच्छतागृहाच्या अभावी वयात येणाऱ्या मुलींची शाळा सुटते.

ये-जा वाहनाने होणार असेल, तर २०११ च्या शाळा बस नियमांप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील परिवहन समिती शाळेत आहे काय, हे विचारावे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ मध्ये शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे आदेश दिले आहेत. समितीवर कोण आहेत आणि तक्रारपेटी कोठे आहे, हे मुख्याध्यापकांना चटकन सांगता आले पाहिजे. १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती दडविणे हा २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याखाली अपराध आहे, याची जाणीव शाळेला व पालकांना, दोघांनाही असावी.

विचारण्याची रीत

हे सारे प्रश्न प्रवेशाच्या गर्दीत, पैसे भरण्याच्या खिडकीशी उभे राहून विचारण्यासारखे नाहीत. शक्य तर शाळा चालू असताना, जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या दिवशी मुख्याध्यापकांची वेळ घेऊन जावे. पाल्यालाही बरोबर न्यावे. प्रश्न चार असले तरी चालतील : दहावीची परवानगी आहे काय, दहावीचा अर्ज कोणत्या क्रमांकाने जातो, शिक्षक टिकतात काय आणि शुल्क कोणी ठरविले. तोंडी उत्तरावर न थांबता कागद पाहावा. शंका राहिल्यास जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयात, बृहन्मुंबईत शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात, चौकशी करता येते. दहावीविषयीची माहिती विभागीय मंडळाकडे मिळते.

प्रामाणिकपणे चाललेल्या छोट्या शाळेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. तिच्या मुख्याध्यापकांजवळ मान्यतेच्या आदेशाची प्रत टेबलाच्या खणात तयार असते. गणिताचे शिक्षक मध्येच सोडून गेले तेव्हा काय अडचण झाली, हेही ते मोकळेपणाने सांगतात. “आमच्यावर विश्वास नाही काय ?” असा प्रतिप्रश्न जेथे येतो, तेथे पालकांनी घाई करू नये. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी आणखी एक शाळा पाहून घ्यावी.